पाखरांना बसायला जागा

परीक्षेचे दिवस संपले की माझ्या उजव्या हाताला एक खोड लागलेली असते. पेन उचललं की हात आपोआप ‘बरोबर’ची खूण करतो. वीस वर्षं पदवीच्या मुलांचे मराठीचे पेपर तपासते आहे, त्यामुळे ही खूण मी झोपेतही करीन. पण हीच खूण आपण चित्रातल्या आकाशात पक्षी म्हणून काढतो, हे माझ्या लक्षात आणून दिलं माझ्या सासूबाईंनी. मी मोठ्या हौसेने समुद्राचं चित्र काढलं होतं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, निळं पाणी, पिवळी वाळू आणि वर उडणारे सात-आठ पक्षी. आईंनी ते चित्र लांब धरलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, “ह्या काय गो? पाखरा काढलंस की पेपर तपासलंस?”

त्यांच्या तोंडून पुष्कळ दिवसांनी मालवणी ऐकलं. लग्न होऊन बेळगावात आल्याला त्यांना पंचावन्न वर्षं झाली. एरवी त्या आमच्यासारखंच बोलतात. माहेरचं कुणी भेटलं किंवा फार राग आला, तरच मालवणी बाहेर येतं. त्या दिवशी या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. होतं ते समुद्राचं एक वाईट चित्र.

चित्रापर्यंत आम्ही कशा पोचलो, ते आधी सांगायला हवं. गेल्या वर्षी पावसाळ्यात आईंना अर्धांगाचा झटका आला. वय 78. उपचार वेळेत मिळाले, बोलणं शाबूत राहिलं, पाय दीड-दोन महिन्यांत चालू लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं मिटत, पण उघडायला वेळ लागे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, बोटांना रोज काहीतरी बारीक काम द्या. आम्ही वाटाणे निवडायला दिले, फुलवाती करायला कापूस दिला. उभ्या आयुष्यात रोज वाती वळलेल्या बाईला एक वात नीट वळता येईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी कापूस बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

खरं सांगायचं तर आम्हा दोघींचं कधी भांडण नव्हतं, तसं बोलणंही नव्हतं. चहा, औषध, दूधवाला, लाइटचं बिल, एवढ्यावर आमचा संवाद संपायचा. मी कॉलेजातून येणार, त्या टीव्हीसमोर बसलेल्या असणार. त्यामुळे त्यांना धीर द्यायचा म्हणजे काय बोलायचं, तेही मला सुचेना.

कपाट आवरताना मुलीची जुनी रंगपेटी सापडली. तिने शाळेत असताना ड्रॉइंगची लोअर ग्रेडची परीक्षा दिली होती, तेव्हाची. मी ती आईंच्या पुढ्यात ठेवली. “माका कित्याक होया ह्या?” म्हणून त्यांनी पेटी परत सरकवली. मग मीच कागद घेऊन बसले. म्हटलं, आपण काढायला लागलो तर त्याही काढतील. शिरोड्याचा समुद्र काढू, त्यांना बरं वाटेल. आणि मग वर सांगितलं ते चित्र झालं.

एकीचे डोळे, दुसरीचा हात

त्या दिवशी आईंनी माझ्या चित्राचं जे शवविच्छेदन केलं, ते ऐकण्यासारखं होतं. मी सूर्य समुद्रातून उगवताना दाखवला होता आणि वाळूवर सकाळची कोळीण चालवली होती. त्या म्हणाल्या, “दर्यात सूर्य सांजचो बुडता. सकाळचो तो माडांच्या मागसून येता.” अगदी बरोबर! आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं तर सूर्य आपल्या पाठीशी असतो. मी शाळेपासून जे ‘निसर्गचित्र’ गिरवत आले, त्यात हा साधा भूगोलही नव्हता. शिरोडा म्हटलं की मला वि. स. खांडेकर आठवतात. 1920 ते 1938 ते तिथल्या शाळेत शिक्षक होते, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. 1930 चा मिठाचा सत्याग्रहही सांगते. पण तिथला समुद्र मी कधी डोळे उघडे ठेवून पाहिला नव्हता. आईंनी तो लहानपणी रोज पाहिला होता, पण त्यांच्या बोटांत ब्रश धरायची ताकद नव्हती.

आमच्या गल्लीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने शिष्य घडवले त्या बेळगावात असे मास्तर अजून गल्लीबोळांत सापडतात. त्यांना मी चित्र दाखवलं. ते हसले नाहीत, त्यामुळे मला धीर आला. म्हणाले, “मॅडम, तुम्ही समुद्र काढला नाही, ‘समुद्र’ हा शब्द काढलात. पक्षी म्हणजे अशी खूण, डोंगर म्हणजे त्रिकोण, पाणी म्हणजे निळं. सगळेच नवशिके हेच करतात. एकदा जाऊन बघून या, मग काढा.”

डिसेंबरच्या एका शनिवारी आम्ही आंबोलीचा घाट उतरलो, सावंतवाडीहून शिरोड्याला गेलो. आईंचं माहेरचं घर आता बंद असतं. आम्ही एका घरगुती खाणावळीत उतरलो आणि रविवारी सकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी आईंसाठी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. रंग नेले नव्हते. एक वही, एक पेन्सिल. मास्तरांचा हुकूमच होता, की पहिल्या दिवशी फक्त बघायचं आणि शब्दांत लिहून ठेवायचं.

आधी बघणं

त्या वहीतल्या नोंदी आज वाचल्या की वाटतं, नवशिक्याला चित्राचं अर्धं शिक्षण एवढ्यातच मिळतं. म्हणून त्यातल्या काही इथे देते.

क्षितिजाची रेघ अगदी सरळ असते, पट्टीने आखल्यासारखी. ती आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येते. उभं राहून पाहिलं तर सपाट वाळूवर उभ्या असलेल्या, आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजाला टेकतात, मग तो माणूस दहा पावलांवर असो की शंभर. आईंच्या शेजारी खाली वाकून पाहिलं, तर तीच रेघ उभ्या माणसांच्या छातीवरून जाऊ लागली. चित्रातली माणसं हवेत तरंगतात किंवा वाळूत रुतल्यासारखी दिसतात, त्याचं कारण बहुधा हा हिशोब चुकलेला असतो.

समुद्र एका रंगाचा नसतो. क्षितिजापाशी पाटीसारखा गडद निळा-करडा, अलीकडे हिरवट, आणि लाट फुटते तिथे वाळू मिसळल्याने मातकट. वाळूही एका रंगाची नसते. कोरडी वाळू फिकट, ओली गडद. आणि नुकतीच लाट परतलेली वाळू तर आरशासारखी आकाशाचा रंग दाखवते. म्हणजे चित्रातला खालचा निळा रंग पाण्याचा नसून ओल्या वाळूत उतरलेल्या आकाशाचा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दूरचा रेडीच्या बाजूचा डोंगर हिरवा असूनही निळसर आणि फिका दिसत होता. मधली हवा आणि तिच्यातला दमटपणा यामुळे लांबची वस्तू फिकी, निळसर आणि कमी तपशिलाची दिसते. चित्रात खोली आणायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. लांबचं फिकं, जवळचं गडद.

आणि पाखरं! थंडीत आपल्या किनाऱ्यावर कुरव येतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात समुद्राकडे उतरतो. गंमत म्हणजे आपल्याकडे तो थंडीत येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच. पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे एक काळसर ठिपका, एवढंच. तपकिरी टोपी त्याला विणीच्या दिवसांत चढते. पुस्तकातलं नाव वाचून चित्र काढलं असतं तर मी नक्की फसले असते.

चाळीसेक कुरव ओल्या वाळूवर बसले होते. मी त्यांना वहीत सगळ्या दिशांना तोंडं करून काढत होते, दिसायला छान म्हणून. आई म्हणाल्या, “वारो खंयसून येता ता पाखरांक इचार.” मी परत पाहिलं. जवळजवळ सगळी पाखरं एकाच दिशेला तोंड करून उभी होती. वाऱ्याकडे. पाठीकडून वारा आला तर पिसं विस्कटतात, आणि उडायलाही वाऱ्याकडे तोंड असलेलं सोयीचं. हे आईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्या लहानपणी मिठागराच्या बांधावर बसून बघत असत.

सामान थोडंच लागतं

बेळगावला परत आल्यावर मास्तरांनी सामानाची यादी दिली. ती छोटी आहे. नवशिक्यांनी मोठी रंगपेटी आणून पैसे घालवू नयेत.

जलरंगांच्या सहा ट्यूबा पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि क्रिमसन. कॅम्लिनचे विद्यार्थ्यांचे रंग सुरुवातीला चांगले चालतात. काळा रंग घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की हवा तसा करडा मिळतो. निळा जास्त घातला तर ढगाचा, तपकिरी जास्त घातला तर ओल्या लाकडाचा, आणि पाणी कमी घातलं तर जवळजवळ काळा. समुद्राच्या चित्राचा निम्मा संसार या एका जोडीवर चालतो.

पैसे खर्च करायचेच तर कागदावर करा. साधा ड्रॉइंगचा कागद पाणी लागताच फुगतो आणि मग रंग खळग्यांत साचतो. 300 जीएसएमचा जाड जलरंगाचा कागद घ्या. पूर्ण तावाचे चार तुकडे केले की 11 बाय 15 इंचांचा एक तुकडा येतो, तो सुरुवातीला योग्य. चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने फळीवर चिकटवायचा. एक इंच रुंदीचा चपटा ब्रश, 8 नंबरचा आणि 3 नंबरचा असे दोन गोल ब्रश, पाण्याचे दोन डबे आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. दोन डबे यासाठी, की एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं. एकाच डब्यावर भागवलं की सगळं चित्र मळकट होतं.

आईंसाठी आम्ही आणखी एक गोष्ट केली. चपट्या ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो मुसळीसारखा जाड केला. बारीक दांडा त्यांच्या बोटांतून निसटत होता, जाड दांडा मुठीत बसला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचीच ही सूचना. घरात असं कुणी असेल तर चमचा, पेन, ब्रश सगळ्यालाच ही युक्ती लागू पडते.

आकाश

पेन्सिलचं काम कमीत कमी ठेवायचं. क्षितिजाची रेघ कागदाच्या बरोबर मध्यावर नको, वरून एक तृतीयांशावर घ्या, म्हणजे वाळू आणि पाखरांना जागा मिळते. रेघेच्या खालच्या अंगाला चिकटपट्टी लावली की क्षितिज आपोआप सरळ येतं. पाण्याची कड तिरकी, किंचित वळणाची. एका बाजूला सुरूच्या झाडांचा पट्टा, लांब डोंगराची एक रेघ, बस्स. खोडरबर कमी वापरा. त्याने कागदाची साय निघते आणि तिथे रंग डाग धरतो.

मग फळीच्या वरच्या बाजूखाली एक पुस्तक ठेवून तिला जरा उतार द्यायचा. आकाशाचा भाग चपट्या ब्रशने स्वच्छ पाण्याने भिजवायचा. पाणी साचू नये, कागद नुसता चमकावा. वरून अल्ट्रामरीनचा पातळ हात मारत खाली यायचं आणि प्रत्येक हाताला पाणी वाढवत जायचं. क्षितिजापाशी यलो ऑकरची अगदी फिकी छटा. ओल्यात ओलं मिसळतं आणि आकाश आपण काढल्यासारखं दिसत नाही, झाल्यासारखं दिसतं. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना वाटतो त्याहून थोडा गडदच लावायचा.

हे आकाश आईंनी केलं. त्यांचा हात खांद्यापासून हलत होता, बोटं फारशी लागत नव्हती, आणि आकाशाला नेमका असाच हात लागतो. डावीकडून उजवीकडे एक ओढ, परत दुसरी. तिसऱ्या ओढीला त्यांचा हात थरथरला आणि रंगात एक पांढरट फट राहिली. मी पुसायला गेले तर मास्तर म्हणाले, “हात लावू नका, तो ढग आहे.”

यानंतरचं काम सर्वांत अवघड. वाट बघणं. अर्धवट ओल्या रंगावर पुन्हा ओला ब्रश टेकवला की पाणी पसरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कंगोरेदार डाग पडतात. वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? बोटाची मागची बाजू हलकेच कागदाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. त्या पंधरा-वीस मिनिटांत आम्ही चहा प्यायलो, आणि आईंनी मला त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली, जी लग्नाला चोवीस वर्षं होऊनही मी ऐकलेली नव्हती.

पाणी आणि वाळू

आता आकाश वाळल्यावर चिकटपट्टी हळूच काढायची आणि पाणी रंगवायचं. क्षितिजापाशी अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना, गडद. खाली येताना प्रशियन ब्लू आणि लेमन यलो घालून हिरवट, आणखी खाली यलो ऑकर घालून मातकट. ब्रश नेहमी आडवा चालवायचा. पाण्याच्या रेघा तिरक्या गेल्या तर समुद्र उताराला लागल्यासारखा दिसतो.

लाटांचा फेस रंगवायचा नसतो, राखायचा असतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. जिथे फेस हवा तिथे रंग लावायचाच नाही, अरुंद वेड्यावाकड्या पट्ट्या कोऱ्या सोडायच्या. मग फेसाच्या खालच्या कडेला फिकट करड्याची एक सावली दिली की लाट उचलल्यासारखी दिसते.

वाळूला यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना आणि पुष्कळ पाणी. पाण्याच्या कडेशी हाच रंग गडद आणि त्यात आकाशाचा निळा ओघळू द्यायचा. कोरड्या वाळूचा खरबरीतपणा आणायला मास्तरांनी सांगितलेली युक्ती ऐकून आई खुदकन हसल्या. रंग ओलसर असताना, म्हणजे चमक जात आली असताना, त्यावर जाडं मीठ भुरभुरायचं. मिठाचा कण भोवतालचं पाणी ओढतो, रंग सरकतो आणि तिथे फिकट चांदणी उमटते. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं. मिठागराच्या गावची माणसं आम्ही! मीठ टाकायचं काम आईंनी चिमटीने केलं. वाती वळताना न मिटणारी तीच तीन बोटं.

डोंगर आणि झाडं शेवटी. डोंगर निळा-करडा, एकाच हाताने. सुरूची झाडं गडद हिरवी, खालून वर उडवलेल्या ब्रशने. पानं मोजायला बसू नका.

मग पाखरं

उडणारं पाखरू ‘बरोबर’च्या खुणेसारखं का दिसत नाही? कारण पंखाला मध्ये सांधा असतो, आपल्या कोपर-मनगटासारखा. पंख खांद्यातून वर जातो, सांध्याशी वळतो आणि टोकाकडे उतरतो. म्हणून आकार पसरट, दोन कमानींचा होतो. शिवाय दोन्ही पंख आपल्याला सारखे दिसत नाहीत. आपल्याकडचा लांब दिसतो, पलीकडचा आखूड. मध्ये शरीराचा छोटा ठिपका हवाच, नाहीतर नुसते पंख उडतात. सगळे एकाच मापाचे, एकाच अंतरावर नकोत. तीन जवळ, एक लांब, दोन पुसटसे. आणि एकाचे पंख वर असतील तर दुसऱ्याचे खाली.

बसलेल्या कुरवासाठी आधी आडवं, जरा तिरकं अंडं. पुढे छोटा गोल, मागे शेपटीकडे निमुळतं टोक. पाठीवर फिका करडा, पोट आणि डोकं म्हणजे कोरा कागद, पंखाच्या टोकाला काळसर ठिपका, डोळ्यामागे एक टिंब. पाय दोन बारीक रेघा. त्यांचा मागे वळणारा गुडघा म्हणजे खरं तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत दडलेला असतो. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, वाऱ्याकडे. एखादा मान वळवून पंख साफ करणारा ठेवा, म्हणजे कवायत वाटणार नाही.

शेवटी प्रतिबिंब आणि सावली. या दोन्हींत नवशिक्यांची गल्लत होते. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब पाखराच्या पायांपासून सरळ खाली, आपल्याकडे येतं. सावली सूर्याच्या उलट दिशेला पडते. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे, म्हणजे सावल्या समुद्राकडे जाणार. संध्याकाळचं चित्र असेल तर उलट, आणि मग पाखरं जवळजवळ काळीच दिसतात.

पांढरं पाखरू पांढऱ्या कागदावर दिसायचं तर त्याच्या भोवतीची वाळू रंगवायला हवी. म्हणजे वाळूचा रंग लावायच्या आधीच पाखरांच्या जागा पेन्सिलीने ठरवून तेवढ्या कोऱ्या सोडायच्या. पहिल्या तीन कागदांवर मला हे जमलं नाही. रंग लावायच्या नादात मी सगळं भरून टाकायची. चौथ्या वेळीही मी ब्रश घेऊन पुढे सरसावले, तेव्हा आईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या उजव्या हाताने. “रवांदे आता. पाखरांक बसाक जागा ठेव.”

त्या पकडीत जोर नव्हता, पण बोटं माझ्या मनगटाभोवती पूर्ण मिटली होती आणि मग सावकाश उघडली. आम्ही दोघींनीही त्याबद्दल काही बोललो नाही. मी ब्रश ठेवला.

बिघडलं तर

वाचकहो, पहिलं चित्र बिघडणारच. आमची तीन बिघडली. त्यांच्या मागच्या बाजूवर आम्ही नुसत्या पाखरांचा सराव केला. एक पान भरून अंडी आणि कमानी काढल्या की हात सुटतो. रंग मळका झाला तर समजावं, की तीनपेक्षा जास्त रंग मिसळलेत किंवा ओल्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवलात. पांढरा ठेवायचा राहिला तर शेवटचा उपाय म्हणून पोस्टर कलरचा पांढरा ठिपका चालतो, पण कोऱ्या कागदाचा उजेड त्याला येत नाही.

आमच्या देवघराशेजारी कितीतरी वर्षं एका जुन्या कॅलेंडरचं चित्र लावलेलं आहे. हातात दिवा घेतलेली, हाताआडून उजेड चेहऱ्यावर आलेली स्त्री. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, मीही समजत होते. मास्तरांनी सांगितलं, की ते सावंतवाडीला जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. शिरोड्यापासून सावंतवाडी ती किती लांब! आईंनी ते ऐकून चित्राकडे असं पाहिलं, जणू माहेरचं कुणी इतकी वर्षं भिंतीवर होतं आणि ओळख आज पटली.

आईंचा हात पूर्ण बरा झालेला नाही. चहाचा कप धरता येतो, ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता यापुढची सुधारणा हळूहळू होईल. चित्रांमुळेच एवढं झालं असं मी म्हणणार नाही, व्यायाम आणि औषधं चालूच होती. पण व्यायामाला त्या कंटाळत आणि रविवारची वाट बघत, एवढं खरं.

चौथं चित्र आम्ही चौकटीत बसवून घेतलं. क्षितिज डावीकडे एक दोरा खाली आहे, चिकटपट्टी मीच वाकडी लावली होती. कुरव मी काढलेत. लाटेच्या कडेने पळणारी तीन बारीक तुतवारं मात्र आईंची आहेत, 3 नंबरच्या ब्रशने, थरथरत्या हाताने काढलेली. ती इतकी घाईत पळताना दिसतात, की बघणारा आधी तिकडेच बघतो. मी ठरवूनही तशी रेघ काढू शकले नाही.

घरात जुनी रंगपेटी असेल तर बाहेर काढा. समुद्र लांब असेल तर तळ्यावर जा, बगळे बघा. घरात कुणी वडीलधारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याच्या गावचं पाणी कसं दिसायचं ते विचारा. आमच्या आईंनी आता पुढच्या चित्राचं फर्मान काढलंय. मिठागरं. त्यात पांढरं फार आहे, म्हणून मी जरा घाबरलेच आहे.